ओसाकाहून सकाळी निघा, रात्री घरी या: नवख्यांसाठी रेल्वेच्या सहली

ओसाकात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात प्रश्न पडतो की शनिवारी जायचं कुठे. ऑफिसातला प्रत्येक जण एकच नाव सांगतो, क्योतो. क्योतो सुंदर आहे, वादच नाही. पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या सिटी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि नामांकित देवळांसमोर माणसांच्या पाठीच बघाव्या लागतात. ते कधीतरी मंगळवारी रजा टाकून करा. इथे मी सांगणार आहे त्या सहली वेगळ्या आहेत: नारा आणि इकोमा, होर्यूजी, हिमेजी, कोयासान. सहा वर्षांत मी त्या पाहुण्यांना घेऊन आणि एकटीने इतक्यांदा केल्यात की कुठल्या डब्यातून उतरलं तर जिना समोर येतो हेही आता पाठ आहे. शिवाय हिमेजी सोडलं तर प्रत्येक ठिकाणी आपल्या ओळखीचं कोणीतरी भेटतं. कोण, ते पुढे येईलच.

आधी कार्ड, मग बाकीचं

स्टेशनवरच्या मशीनमधून इकोका कार्ड घ्या. दोन हजार येन भरले की त्यातले पाचशे अनामत राहतात आणि दीड हजार प्रवासाला मिळतात. टोकियोहून आलेल्यांकडे सुइका असेल तर तेच इथे चालतं, दुसरं घ्यायची गरज नाही. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. पैसे कमी पडले तर बाहेर पडायच्या फाटकाजवळच भरणा करायचं मशीन असतं. बहुतेक मशीन फक्त रोख घेतात, म्हणून हजाराच्या दोन-चार नोटा जवळ ठेवा. सहा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट, आणि बारा वर्षांपर्यंतच्या शाळकरी मुलांना अर्धं भाडं.

जेआर म्हणजे जपान रेल्वे. तिचा पास घेऊ का, असं भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. या सहलींसाठी नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० वर गेली. त्यात इथल्या निम्म्या सहली जेआरच्या नव्हे तर किंतेत्सु आणि नानकाई या खासगी रेल्वेंच्या मार्गावर आहेत. तिथे तो पास चालतच नाही.

नांबा म्हणजे नक्की कुठलं नांबा?

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. नांबा नावाची स्टेशनं एक नाही, चार आहेत: मेट्रोचं नांबा, नानकाईचं नांबा, जेआर नांबा, आणि किंतेत्सुचं ओसाका-नांबा. सगळी जमिनीखालच्या बोळांनी एकमेकांना जोडलेली आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. दादरला ‘वेस्टर्नच्या पुलावर भेटू’ असं न सांगता नुसतं ‘दादरला भेटू’ म्हणण्यासारखंच आहे हे. आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना फोनवर ‘नांब्याला या’ एवढंच सांगितलं. बाबा जेआर नांब्यावर उभे, मी नानकाईच्या जिन्याशी, आणि दोघेही ठामपणे सांगतोय की मी नांब्यातच आहे. पाऊण तास गेला. तेव्हापासून मी पाहुण्यांना रेल्वे कंपनीचं नाव आधी सांगते, स्टेशनचं नंतर.

दुसरी गोष्ट, गाडीची जात. फुत्सू म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, क्यूको आणि काइसोकु म्हणजे जलद. या सगळ्यांना साधं भाडं पुरतं. तोक्क्यू म्हणजे आरक्षित आसनांची गाडी. किंतेत्सु आणि नानकाईवर तिचं जादा तिकीट लागतं. चुकून चढलात तर कोणी खाली उतरवत नाही. तिकीटतपासनीस वाकून नमस्कार करतो आणि फरक वसूल करतो.

आणि हो, सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहायचं. टोकियोत बरोबर उलट.

पहिली सहल: नारा, आणि परतताना गणपती

ओसाका-नांब्याहून किंतेत्सुची काइसोकु क्यूको पकडा. सुमारे चाळीस मिनिटं, ६८० येन. जेआरनेही नाऱ्याला जाता येतं, पण किंतेत्सु-नारा स्टेशन देवळांच्या खूप जवळ आहे. शक्यतो डावीकडच्या खिडकीशी बसा. डोंगर चढताना बोगद्याच्या जरा आधी सगळी ओसाका पायाखाली पसरलेली दिसते. नारा यायच्या थोडं आधी रूळ थेट जुन्या हेइजो राजवाड्याच्या मोकळ्या मैदानातून जातात, आणि नव्याने उभारलेला लाल दरवाजा उजवीकडे दिसतो. आठव्या शतकातल्या राजधानीच्या अंगणातून आपली लोकल चाललेली असते.

साडेसातची गाडी पकडलीत तर साडेआठला तोदाइजीच्या दारात पोचता. हा आग्रह मी कोणालाही करते, कारण दहानंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांच्या बस येतात. देवळाच्या आधी नांदाइमोन हा महाद्वार लागतो. घाईत त्याच्याखालून तसेच पुढे जाऊ नका. दोन्ही बाजूंना जाळीमागे आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल आहेत. उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या चमूने ते १२०३ मध्ये घडवले. पोटरीवरच्या शिरा बघा, मानेवरच्या बघा. आपल्याकडच्या जय-विजयांचे हे भाऊबंद, फक्त रागावलेले.

आत दाइबुत्सु, पंधरा मीटर उंचीचा कांस्य बुद्ध. ७५२ साली याचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रंगवणारा कुंचला ज्याच्या हातात होता तो भिक्षू भारतातला होता, बोधिसेन. तो ७३६ मध्ये जपानला आला होता. जपानी लोक त्याला बारामोन सोजो म्हणत, बारामोन म्हणजे आपला ‘ब्राह्मण’ हाच शब्द. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या, आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला अजून शोसोइन या खजिन्यात जपून ठेवलेला आहे. मूळ देऊळ दोनदा जळलं. आज दिसतं ते १७०९ चं आणि मूळपेक्षा लहान. लहान म्हणजे सत्तावन्न मीटर रुंद!

मूर्तीमागच्या एका खांबाला बुडाशी भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातून पार झालं की पुण्य, म्हणून मुलं रांग लावून सरपटत जातात. मोठ्यांनी आपल्या कमरेचा अंदाज घेऊन ठरवावं.

हरणांबद्दल फार लिहीत नाही, ती तुम्हाला शोधतच येतील. त्यांच्यासाठी मिळतात त्याच सेनबेई चकत्या द्या, आपला चिवडा नाही. चकती दाखवून चिडवत बसू नका, ती मागून चावतात. हातातला कागद लपवा. माझ्या एका पाहुणीचा अख्खा नकाशा एका हरणाने तिच्यादेखत खाल्ला.

वेळ असेल तर कासुगा देवस्थानापर्यंत कंदिलांच्या रस्त्याने चालत जा. वेळ नसेल तर ते सोडा, पण कोफुकुजी देवळाचं राष्ट्रीय ठेव्यांचं दालन सोडू नका. तिथे ७३४ च्या सुमाराचा आशुरा उभा आहे. आशुरा म्हणजे असुर. तीन तोंडं, सहा हात, उंची जेमतेम दीड मीटर, काड्यांसारखे बारीक दंड. चेहरा मात्र पोरगेलासा आणि किंचित कपाळाला आठी पडलेला. असुर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मिश्यांचा आडदांड गडी. इथे मात्र वर्गात ओरडा खाल्लेल्या मुलासारखा असुर. त्याच्या शेजारी चोच असलेला कारुरा, म्हणजे गरुड. पलीकडे किन्नारा आणि केंदात्सुबा. केंदात्सुबा कोण, ते मोठ्याने म्हणून बघा: गंधर्व.

तीनच्या सुमारास परतीची गाडी पकडा आणि मधे इकोमाला उतरा. स्टेशनाबाहेर केबलकारचं स्टेशन आहे, तोरीइमाए. ही केबल रेल्वे १९१८ ची, जपानमधली पहिली. डब्यांना कुत्र्या-मांजरांची तोंडं आहेत, त्यामुळे मुलं खूश. होझानजी स्टेशनला उतरून जुन्या खाणावळींमधल्या दगडी पायऱ्या चढल्या की देऊळ येतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा, पायऱ्या बऱ्याच आहेत.

होझानजी १६७८ मध्ये तांकाइ या भिक्षूने उभारलं, आणि इथे लोक येतात ते कांगितेनसाठी. कांगितेन म्हणजे विनायक, आपला गणपती. ओसाकाचे व्यापारी त्याला फार मानतात. गाभाऱ्यात सोंड शोधू नका, मूर्ती गुप्त असते आणि भक्तांना दाखवत नाहीत. पण खुणा सगळीकडे आहेत: एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन मुळे, आणि तोंड आवळलेला बटवा. मुळा हा त्याचा आवडता नैवेद्य. बटवा संपत्तीचा, असं तिथे सांगतात. मला तो दर वेळी उकडीचा मोदकच वाटतो, आणि माझ्या आईने तर तो बघून सरळ हात जोडले. या समजुतीला थोडा आधारही आहे. क्योतोत कांकिदान नावाची एक मिठाई मिळते. आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, त्यात चंदन-दालचिनीसारखी सुगंधी द्रव्यं, वर पारी, चुण्या घालून बटव्यासारखी बांधलेली आणि तिळाच्या तेलात तळलेली. म्हणजे तळणीचे मोदकच, पंधरा दिवस आधी केलेले असावेत इतके कडक.

दुसरी सहल: होर्यूजी, अर्ध्या दिवसाची

ही जेआरची सहल. ओसाका किंवा तेन्नोजीहून यामातोजी काइसोकु पकडून होर्यूजी स्टेशन. तिथून देऊळ वीस मिनिटं चालत किंवा बसने. प्रवेश दोन हजार येनच्या घरात आहे, देवळाच्या मानाने महाग. तरी जा. जगातल्या उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती या आहेत, सातव्या-आठव्या शतकातल्या. १९९३ मध्ये जपानची पहिली जागतिक वारसास्थळं जाहीर झाली त्यात हे देऊळ होतं.

मराठी माणसाने इथे कोंदो या मुख्य मंडपापाशी जरा थांबावं. आतल्या भिंतींवर बुद्ध-बोधिसत्त्वांची जी चित्रं होती, त्यांची तुलना अभ्यासक कायम अजिंठ्याशी करत आले. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्यांनी पाहिलाय त्यांना इथल्या बोधिसत्त्वाची झुकलेली मान आणि हातातलं कमळ लगेच ओळखू येईल. आराइ कांपो नावाचा जपानी चित्रकार शंभर वर्षांपूर्वी अजिंठ्यात राहून तिथल्या चित्रांच्या प्रती करत होता. उतारवयात त्याच्याकडे होर्यूजीच्या भिंतींच्या प्रतींचं काम आलं. ते चालू असतानाच तो गेला. आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोंदोला आग लागून मूळ चित्रं होरपळली. त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. आपण झेंडावंदन करतो त्या दिवशी इथली देवळं आजही आगीचे बंब लावून सराव करतात. आता दिसतात ती नंतर रंगवलेली चित्रं, आणि उजेड कमी असतो. डोळे सरावेपर्यंत थांबा.

हिमेजी, थोडक्यात

जेआर ओसाका स्टेशनावरून शिनकाइसोकु, एक तास, सुमारे दीड हजार येन. जादा तिकीट नाही, त्यामुळे शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या मोहात पडू नका. स्टेशनाबाहेर पडलात की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढरा किल्ला दिसतो, वाट विचारायची गरजच पडत नाही. मुख्य बुरूज १६०९ चा आणि खराखुरा जुना, सिमेंटमध्ये पुन्हा बांधलेला नव्हे. ओसाकाचा किल्ला तसा सिमेंटचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा, शिवाय तळघर. बूट पिशवीत घेऊन मोज्यांवर चढायचं असतं, आणि वरचे जिने जवळजवळ शिडीसारखे उभे आहेत. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना दम लागणार नाही, पण गुळगुळीत लाकडावर मोजे घसरतात ते वेगळं. दरवाजे आणि वाटा शत्रूला भुलवण्यासाठी वळवलेल्या आहेत. रायगडाचा महादरवाजा आठवा, की हेतू कळतो. मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांसाठी तिकीट २५०० येन झालं आहे.

खाण्याचं काय?

मांसाहारी वाचकांनी हा भाग गाळावा. शाकाहारींसाठी: ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. रस्सा, भाजी, सॉस, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीचं उकळलेलं पाणी, असतं आणि ते बहुधा माशाचं. ‘साकाना नाशी, दाशी मो नाशी’ हेही म्हणा, आणि समोरच्याचा चेहरा पडला तर नमस्कार करून बाहेर या. दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आत उमेबोशी हे आंबट-खारट फळ घातलेले, मी खाते. ज्यांना काटेकोर पाळायचंय त्यांनी पोळीभाजीचा डबा न्यावा, बागेतल्या बाकावर बसून खाता येतो. लोकलमध्ये मात्र डबा उघडू नका, लोणच्याचा वास तर नकोच. कचरापेट्या जवळपास नसतात, म्हणून एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. नाऱ्यात स्टेशनाजवळ तांदळाचा हिरवा मोची धाडधाड कुटून गरम विकतात, तो जरूर खा.

कोयासान: ही सगळ्यात शेवटी करा

शेवटी अशासाठी, की आधीच्या सहलींत हात बसला की ही लांबची वाट जड जात नाही. नानकाई नांब्याहून निघायचं. साध्या जलद गाडीने बहुधा हाशिमोतोला गाडी बदलून गोकुराकुबाशी, मग केबलकार, मग बस. एकूण दोन तास आणि वर. केबलकारसकट एका बाजूचं भाडं सुमारे चौदाशे येन. नानकाईचं जाण्यायेण्याचं आणि वरच्या बसचं एकत्र तिकीट मिळतं, ते घ्या. हाशिमोतोनंतर गाडी एकेरी रुळावर वळणं घेत कण्हत चढते. गोकुराकुबाशीचा अर्थच ‘स्वर्गाचा पूल’. केबलकार पाच मिनिटांत सव्वातीनशे मीटर वर नेते. वरून गावाकडे जाणारा रस्ता पायी बंद आहे, बसनेच जावं लागतं. वर आठशे मीटर उंची आहे, म्हणून ओसाकात शर्टावर फिरत असाल तरी स्वेटर घ्या.

कूकाइ या भिक्षूने ८१६ मध्ये हा डोंगर मागून घेतला. तो चीनला गेला होता, आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय आचार्याकडे संस्कृत शिकला. ८३५ मध्ये तो गेला असं इथे कोणी म्हणत नाही. तो समाधीत बसला आहे, असं म्हणतात. जपानी पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागतं, आळंदीला जाऊन आलेल्याला नाही. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. तुम्ही साडेदहाचा नैवेद्य गाठायचा. सातच्या आत नांबा सोडा. वर पोचल्यावर आधी बसने थेट त्याच्या समाधीचं ओकुनोइन गाठा, बाकीची देवळं नंतर. नैवेद्य बघायचा असेल तर ‘ओकुनोइन-माए’ थांब्यावर उतरा. तिथून वाट निम्मी होते. पांढरी लाकडी पेटी दोघांच्या खांद्यावर, पुढे एक ज्येष्ठ भिक्षू, आणि कोणी बोलत नाही.

परत येताना मात्र जुन्या वाटेने इचिनोहाशी पुलापर्यंत चालत या. दोन किलोमीटर, उंच सुगी झाडांखाली, दोन लाखांवर थडगी. सोळाव्या शतकातला सेनानी ओदा नोबुनागा इथे आहे आणि त्याला दगा देणारा आकेचि मित्सुहिदेही. मोठ्या कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी बांधलेली स्मारकंही आहेत, त्यातलं एक रॉकेटच्या आकाराचं. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने वाळवीसाठी बांधलेलं स्मारक शोधून काढा, ते ओकुनोइन-माए थांब्याकडून येणाऱ्या नव्या वाटेवर आहे.

पण मला दाखवायची आहे ती गोष्ट पायाशी असते. कुठलंही जुनं शेवाळलेलं पाच भागांचं थडगं निवडा, आणि खालून वर बघत जा: चौकोन, गोल, उतरतं छप्पर, अर्धगोल, वर कळीसारखं टोक. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक भागावर एक अक्षर कोरलेलं असतं. लिपी सिद्धम्, म्हणजे देवनागरीचीच चुलत बहीण. जपानी माणसाला ही अक्षरं मंत्र म्हणून माहीत असतात, वाचता सहसा येत नाहीत. तुम्ही थोडं वाकून बघितलंत तर लागतील: अ, व, र, ह, ख. सगळी लगेच नाही लागत. ‘र’ आधी ओळखू येतो. माझ्या बाबांनी एका थडग्यापाशी उकिडवं बसून बोटाने शेवाळ न पुसता, नुसतं हवेत गिरवत पाचही लावली होती, आणि मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जपानी जोडप्याने त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं.

समाधीच्या आधी लागणाऱ्या गोब्योबाशी पुलाच्या पलीकडे फोटो काढायला बंदी आहे, तिथे फोन खिशात टाका. दुपारी जेवायला देवळातलं शोजिन र्योरी घ्या. ते पूर्ण शाकाहारी असतं, दाशीसुद्धा समुद्रशेवाळाचं आणि मशरूमचं. आधी नोंदणी करावी लागते. तिळाचा गोमादोफु आणि वाळवलेला कोयादोफु इथलेच. दाइतो हा लाल मनोरा आणि कोंगोबुजी हे मुख्य देऊळ बघून चारपर्यंत परतीची बस पकडा. अंधार पडल्यावर बस विरळ होतात, आणि वर राहायची सोय आयत्या वेळी मिळत नाही.